एक वीत, एक मूठ: ट्रेकसाठी लेन्स निवडताना

माझ्या पहिल्या मोठ्या ट्रेकला मी तीन लेन्स नेल्या होत्या. एक अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य घेणारी), एक किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) आणि मैत्रिणीकडून मागून आणलेली ७०-२०० एफ/२.८, म्हणजे दूरचं जवळ आणणारी टेली. परत आल्यावर फोटो चाळले तेव्हा सहाशेच्या आसपास फोटोंमध्ये त्या जड टेलीचे निघाले नऊ. नऊही पहिल्या दिवसाचे. दुसऱ्या दिवसापासून ती सॅकच्या तळाशी स्लीपिंग बॅगला टेकून झोपली होती आणि मी तिला वाहत होते.

पण खरी चुटपुट वेगळीच आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे खिंडीत पोचलो तर समोर डोंगरांच्या सात-आठ रांगा, एकीमागे एक, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकी. ते दृश्य टेलीचंच होतं. ती काढायची तर सगळी सॅक उपसावी लागली असती, बोटं थंडीने वाकत नव्हती आणि धुकं खालून वर सरकत होतं. मी किट लेन्सवर भागवलं. त्या फोटोत आज आकाश भरपूर दिसतं आणि रांगा तळाशी शिवणीच्या दोऱ्यासारख्या बारीक.

म्हणजे माझी फोकल लेंथ (लेन्स किती रुंद किंवा किती लांबचं बघते ते सांगणारा मिलिमीटरचा आकडा) चुकली नव्हती, लेन्स चुकली होती. घरी बसून निवडताना आपण फक्त ‘हिच्यातून काय दिसेल’ एवढंच बघतो. वाटेवर आणखी दोन प्रश्न येतात: ही किती जड आहे, आणि हात घातला की मिळेल का? पुढच्या पायऱ्या या तिन्ही प्रश्नांना धरून आहेत. शेवटचे दोन प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त बोलेन.

पायरी १: आधी आपलेच फोटो चाळा

काहीही विकत घेण्याआधी गेल्या वर्षभरातले भटकंतीचे फोटो उघडा. त्यातले आवडलेले पन्नास-साठ वेगळे काढा आणि प्रत्येकाची माहिती बघा. कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये, फोनवर फोटोच्या तपशिलात फोकल लेंथ लिहिलेली असते. कागदावर तीन रकाने पाडा: रुंद, मधलं, लांबचं. खुणा करत जा.

किट लेन्स १८-५५ असेल आणि खुणांचा ढीग १८ वर साचला असेल, तर दोन अर्थ निघतात. तुम्हाला खरंच आणखी रुंद हवंय, किंवा कॅमेरा सुरू केला की लेन्स आहे तिथेच ठेवून बटण दाबायची सवय आहे. दुसऱ्या शक्यतेकडे कुणी बघत नाही. फोटो नीट बघा: कडेला कापलेलं काही राहून गेल्याची रुखरुख आहे, की चारही बाजूंना रिकामी जागा आहे? रिकामी जागाच जास्त दिसत असेल, तर अल्ट्रावाइड घेऊन ती रिकामी जागा आणखी वाढेल.

५५ वर ढीग असेल आणि तेच फोटो नंतर क्रॉप केलेले असतील, तर उत्तर सरळ आहे. तुम्ही भिंतीला टेकलाय आणि पुढे जायचंय.

अजून कॅमेराच नसेल तर फोनचे फोटो चालतील. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या भाषेत (म्हणजे सेन्सर, फोटो टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद धरून) २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि अल्ट्रावाइड १३-१४ च्या. यापैकी कुठला जास्त वापरता, हीसुद्धा माहितीच.

पायरी २: मिलिमीटर हातावर मोजा

२४, ७०, २०० हे आकडे नवख्या माणसाला काही सांगत नाहीत. ते डोळ्यांसमोर आणायची एक युक्ती आहे आणि तिला कॅमेरा लागत नाही.

हात समोर पूर्ण ताणा. मूठ वळा. मुठीची रुंदी डोळ्यापुढे साधारण १० अंश व्यापते. आता अंगठा आणि करंगळी फाकवून वीत करा. ती साधारण २० अंश, कोणाची थोडी जास्त. लहान हाताच्या माणसाचा दंडही बहुधा आखूडच असतो, त्यामुळे हे प्रमाण बऱ्यापैकी जुळतं. आकाश बघणारे लोक ताऱ्यांमधलं अंतर असंच मोजतात.

फुल फ्रेम कॅमेरा आडवा धरला, तर २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये एक मूठ मावते. १०० मध्ये एक वीत. ५० मध्ये दोन विती. ३५ मध्ये पावणेतीन, २४ मध्ये पावणेचार आणि १६ मध्ये जवळजवळ पाच विती. पाच विती म्हणजे केवढं, हे एकदा हाताने मोजून बघाच. डावीकडून सुरू करा आणि मोजत उजवीकडे जा, मान वळवावी लागते.

सेन्सर लहान असेल तर हिशेब बदलतो. एपीएस-सी कॅमेऱ्यात लेन्सवरच्या आकड्याला १.५ ने गुणायचं, कॅननच्या एपीएस-सीत १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्समध्ये २ ने. १८-५५ ची किट लेन्स एपीएस-सीवर साधारण २७-८२ होते, म्हणजे सुमारे साडेतीन वितीपासून सव्वा वितीपर्यंत. या लेखात पुढे जिथे नुसती फोकल लेंथ येईल ती फुल फ्रेमची समजा.

आता दोन-तीन छोट्या ट्रेकना कॅमेरा न काढता फक्त हात वापरा. थांबावंसं वाटलं की थांबा आणि स्वतःला विचारा: मला नक्की केवढं आवडलंय? त्या कड्यावर एकटं उभं झाड, ते एका मुठीत येतं. दरीतून वर येणारं धुकं आणि त्यावरची डोंगराची सोंड, दीड वीत. तळं, त्यातलं प्रतिबिंब आणि मागचा डोंगर, तीन विती. डायरीत नोंदवत गेलात तर तुमची नजर कुठे अडकते ते कळेल. माझ्या नोंदींमध्ये मुठी भरपूर आणि पाच विती जवळपास शून्य निघाल्या. अल्ट्रावाइडवर माझे पैसे आधीच खर्च झाले होते, ते सोडा.

पायरी ३: ‘लँडस्केप म्हणजे वाइड’ हे डोक्यातून काढा

निदान पूर्ण खरं मानू नका. वाइड लेन्स जास्त ‘घेते’ हे बरोबर, पण तेवढ्याच फ्रेममध्ये जास्त कोंबायचं तर प्रत्येक गोष्ट लहान होणारच. समोरचं शिखर अर्ध्या मुठीएवढं दिसतंय असं धरा. २४ मिलिमीटरवर ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन मिलिमीटर येतात. डोळ्यांनी ते प्रचंड वाटत होतं, कारण डोळ्यांनी आणि मनाने बाकीचं सगळं वगळलं होतं. कॅमेरा काही वगळत नाही. घरी येऊन ‘डोंगर एवढा छोटा कसा आला’ म्हणून जो हिरमोड होतो, तो बहुतेक वेळा इथून येतो.

वाइड लेन्सचं खरं काम दूरचं घेणं नाहीच, जवळचं मोठं करणं आहे. एकदा पठारावर एक रानफूल होतं, वीतभर उंचीचं. १६ मिलिमीटरवर मी उभी राहिले तेव्हा ते गवतात सापडतही नव्हतं. गुडघे टेकले, कोपर टेकले, लेन्स फुलापासून हातभरावर आणली. फूल फ्रेमच्या तृतीयांशात पसरलं आणि मागचा डोंगर त्याच्या खांद्यावर बसला. मग आणखी चार बोटं पुढे सरकले तर फूल एकदम मोठं वाटायला लागलं, डोंगर मात्र तेवढाच राहिला. चार बोटांत चित्र बदललं. वाइड लेन्स अशी वापरायची असते: वाकून, रांगून, जवळ जाऊन. ज्याला प्रत्येक फोटोसाठी जमिनीवर लोळायची हौस आहे त्याने जरूर घ्यावी. ज्याला चालता चालता फोटो काढायचेत त्याची १६ मिलिमीटरवर निराशाच होईल.

टेलीबद्दल उलटा गैरसमज असतो, की ती पक्ष्या-प्राण्यांसाठी असते. उंचावर पोचलात की जवळ काहीच उरत नाही, सगळं दूर असतं, आणि दूरच्या पसाऱ्यातून एक नेमका तुकडा उचलायला टेलीसारखी सोय नाही. डोंगररांगा, कड्यावरून उतरणारी उन्हाची पट्टी, ढगातून बाहेर आलेलं टोक. टेली अंतर ‘दाबते’ म्हणतात. खरं तर ते काम अंतरच करत असतं: तुम्ही लांब उभे असता तेव्हा पहिली आणि पाचवी रांग तुमच्यापासून जवळपास सारख्याच लांब असतात, म्हणून सारख्याच मोठ्या दिसतात. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. त्यामुळे कुठे उभं राहायचं हे आधी, मिलिमीटर नंतर.

पायरी ४: अ‍ॅपर्चरचा मोह सोडा

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. इथे सगळ्यात जास्त वजन वाचतं आणि सगळ्यात जास्त पैसेही.

एफ/२.८ ची झूम म्हटलं की नवखे हरखतात, कारण ‘प्रो’ लोक तीच वापरतात. एफ/२.८ मध्ये एफ/४ च्या दुप्पट प्रकाश येतो, खरंय. पण लँडस्केपचे बहुतेक फोटो आपण एफ/८ ते एफ/११ वर काढतो, म्हणजे ती जादाची काच उघडतच नाही. नुसती पाठीवर चढते. सोनीची ७०-२०० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती हलकी म्हणून नावाजली गेली, तरी ती १०४५ ग्रॅम आहे. कॅननची आरएफ ७०-२०० एफ/४ आहे ६९५ ग्रॅम. निकॉनची जुनी डीएसएलआरची १४-२४ एफ/२.८ जवळपास एक किलोची आणि पुढची काच इतकी फुगीर की साधा फिरकीचा फिल्टर लागत नाही. त्याच कंपनीची मिररलेसची १४-३० एफ/४ भरते ४८५ ग्रॅम आणि तिला ८२ मिलिमीटरचा साधा फिल्टर चालतो.

एफ/८ च का? दोन कारणं. एक, बऱ्याचशा लेन्स पूर्ण उघड्या ठेवण्यापेक्षा दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद केल्यावर कोपऱ्यांत जास्त स्पष्ट चित्र देतात. दोन, जवळचं आणि दूरचं दोन्ही स्पष्ट हवं असतं. २४ मिलिमीटर, एफ/८ आणि फोकस साधारण अडीच मीटरवर ठेवला तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. ७० मिलिमीटरवर हेच साधायला फोकस वीस मीटरवर न्यावा लागतो आणि दहा मीटरच्या अलीकडचं सगळं हातचं जातं. २०० वर तर ऐंशी मीटरच्या आतलं काही मागूच नका.

मग एफ/२२ वर बंद करून टाकू, असं वाटेल. करू नका. भोक फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून विखुरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/१६ वर हे जाणवायला लागतं, एफ/२२ वर उघड दिसतं. लहान सेन्सरवर आणखी लवकर, म्हणून एपीएस-सीला एफ/८ च्या आसपास आणि मायक्रो फोर थर्ड्सला एफ/५.६ च्या आसपास थांबलेलं बरं. १९३२ साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोत गट काढला त्याचं नावच ‘ग्रुप एफ/६४’ होतं. पण त्यांच्या मोठ्या व्ह्यू कॅमेऱ्यांची फिल्म तळहाताहून मोठी असे. तिच्यावर एफ/६४ शोभतं, आपल्या बोटभर सेन्सरवर नाही.

एक अपवाद मोकळेपणाने मान्य करते: रात्रीचं आकाश. आकाशगंगा टिपायची असेल तर उघडी लेन्स हवीच. तारे सरकतात, त्यामुळे शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही. ढोबळ नियम असा की ५०० ला फोकल लेंथने भागायचं: २० मिलिमीटरला २५ सेकंद. तेवढ्या वेळात एफ/१.८ ची लेन्स एफ/४ च्या जवळपास पाचपट प्रकाश गोळा करते. पण त्यासाठी एफ/२.८ ची जड झूम घेण्यापेक्षा एखादी छोटी प्राइम (एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स) परवडते. सोनीची २० मिलिमीटर एफ/१.८ आहे ३७३ ग्रॅम. आणि तुम्ही रात्री तंबूबाहेर पडणारच नसाल, तर प्रामाणिकपणे हा मुद्दा खोडून टाका.

पायरी ५: काट्यावर ठेवा

किचनमधला काटा काढा. कॅमेरा, बॅटरी, लेन्स, हूड (लेन्सपुढचा उन्हाचा आडोसा), पुढचं-मागचं झाकण, फिल्टर, पाऊच, सगळं एकत्र तोला. कंपनी छापते ते वजन नुसत्या लेन्सचं असतं. हूड आणि पाऊच मिळून दीड-दोनशे ग्रॅम सहज वाढतात.

किती असावं? माझा स्वतःचा नियम सांगते, शास्त्र नाही: एक दिवसाच्या ट्रेकला बॉडीसकट दोन किलो, मुक्कामी ट्रेकला दीड. लोकांना हे उलटं वाटतं, मोठ्या ट्रेकला जास्त सामान हवं ना? पण मुक्कामाला पाठीवर आधीच तंबू, पाणी, कपडे असतात. चौथ्या तासाला ते वाढीव अर्धा किलो गुडघ्यांना कळतं आणि दमलेला माणूस कॅमेरा काढत नाही. फोटो हुकतात ते बहुधा इथे.

१९८१ साली छायाचित्रकार गेलन रॉवेलने तिबेटात ल्हासामध्ये पोताला राजवाड्यावर उतरलेलं इंद्रधनुष्य टिपलं. त्याला दिसलं तेव्हा इंद्रधनुष्य राजवाड्यावर नव्हतं. आपण सरकलो की ते सरकतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून दोन्ही एका रेषेत येतील अशा जागेकडे तो कॅमेरा घेऊन पळत सुटला. तो गिर्यारोहकही होता आणि हलकं ३५ मिलिमीटरचं सामान घेऊन हिंडायचा. पाठीवर सहा किलो काच असती तर पळण्याचा विचारही सुचला नसता.

पायरी ६: जोडी जुळवा

आता प्रत्यक्ष निवड. नवख्यांना मी एकाच लेन्सवर सुरुवात करायला सांगते, मध्यम झूमवर. फुल फ्रेमला २४-१०५ किंवा २४-१२० जातीची. निकॉनची २४-१२० एफ/४ आहे ६३० ग्रॅम, कॅननची साधी आरएफ २४-१०५ एफ/४-७.१ फक्त ३९५. ही साधी लेन्स कागदावर ‘स्लो’ आहे, पण एफ/८ वर काढायचं म्हटल्यावर त्या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही. फुजीच्या एपीएस-सीवाल्यांना १६-८० एफ/४ (फुल फ्रेमच्या हिशेबात २४-१२०), ४४० ग्रॅम. आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स असेल तर सध्या काहीच घेऊ नका. किट लेन्सला नावं ठेवायची फॅशन आहे, पण दोनशे ग्रॅमच्या आसपासची ती लेन्स एफ/८ वर जे देते ते बघून मी अनेकदा चकित झाले आहे. तिचा खरा दोष बांधणीत असतो, ती पाऊस आणि धूळ सोसणारी नाही.

लेन्स बदलायचा कंटाळा असेल, किंवा वारा आणि धूळ फार असेल, तर २८-२०० सारखी लांब पल्ल्याची झूम बघा. टॅमरॉनची सोनी माउंटची (सोनी कॅमेऱ्यांना बसणारी) २८-२०० आहे ५७५ ग्रॅम, निकॉनची झेड २४-२०० आहे ५७०. सव्वातीन-पावणेचार वितीपासून मुठीपर्यंत सगळं एका लेन्समध्ये. जाणकार नाकं मुरडतात, कोपरे तितके चोख नसतात म्हणतात. नसतातही. पण त्या खिंडीत माझ्याकडे अशी लेन्स असती तर रांगांचा फोटो आज माझ्याकडे असता.

दुसरी लेन्स कधी? पहिलीवर निदान पाच-सहा ट्रेक झाल्यावर. आणि डोंगरात फिरणाऱ्यांना माझं उत्तर जवळजवळ नेहमी हलकी टेली असतं, अल्ट्रावाइड नाही. एपीएस-सीवर कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅम, निकॉनची झेड डीएक्स ५०-२५० ४०५ ग्रॅम. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्ही पुरेशा. रुंद फोटो तसाही दोन-तीन उभे फोटो जोडून पॅनोरमा करून मिळतो. टेलीची उणीव मात्र क्रॉप करून अर्धीच भरते.

याला अपवाद म्हणजे जंगलातल्या, घळीतल्या, धबधब्यांच्या वाटा. तिथे मागे सरकायला जागा नसते, दूरचं काही दिसत नाही, आणि १६-२० मिलिमीटरची लेन्स खरंच लागते. छोटी प्राइम बघा. कॅननची आरएफ १६ मिलिमीटर एफ/२.८ तर १६५ ग्रॅमची आहे, जॅकेटच्या खिशात विसरून जाल.

फक्त प्राइमच घेऊन हिंडणारेही आहेत, एक २८ आणि एक ८५. शिस्त लागते म्हणतात. मला ते कड्याच्या टोकावर जमत नाही. दोन पावलं मागे-पुढे जाऊन फ्रेम जुळवा हे सांगणं सपाटीवर ठीक.

पायरी ७: माहितीपत्रक कसं वाचावं

फिल्टरचं माप बघा. लेन्सच्या तोंडावर काट मारलेल्या शून्यासारख्या चिन्हापुढे आकडा असतो: ६७, ७७, ८२. दोन लेन्सची मापं वेगळी असली तर फिल्टर मोठ्या मापाचा एकच घ्या आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावा. फिल्टरही एकच पुरतो, पोलरायझर. ओल्या दगडावरची, पानांवरची, पाण्यावरची चकाकी तो काढून टाकतो आणि हे नंतर कॉम्प्युटरवर नीट जमत नाही. बदल्यात एक-दोन स्टॉप प्रकाश खातो. फार रुंद लेन्सवर आकाशात वापरताना मात्र जपून: त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे १६ मिलिमीटरवर निळ्या आकाशाच्या मधोमध गडद डाग उमटतो.

वेदर सीलिंग म्हणजे काय हेही समजून घ्या. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या भागाच्या, धातूच्या कडेभोवती बारीक रबराची रिंग दिसली तर निदान तिथून तरी पाणी आत जाणार नाही. पण ‘वेदर रेझिस्टंट’ म्हणजे जलरोधक नव्हे, आणि बॉडी सीलबंद नसेल तर एकट्या लेन्सचा उपयोग अर्धाच.

इमेज स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) लेन्समध्ये किंवा बॉडीत, कुठे तरी हवंच, विशेषतः टेलीला. २०० मिलिमीटरवर हातात धरून निदान १/२०० सेकंद हा जुना नियम सपाटीवर शांत उभ्या माणसाचा आहे. चढ चढून धापा टाकत असाल तर १/५०० धरा, किंवा दोन मिनिटं बसा.

सूर्याच्या किरणांची चांदणी आवडत असेल तर अ‍ॅपर्चरच्या पात्यांची संख्या बघा. सम संख्या असेल तर तेवढेच किरण, विषम असेल तर दुप्पट: नऊ पात्यांना अठरा.

पायरी ८: आधी भाड्याने किंवा उसनी

मनात भरलेली लेन्स दोन दिवस भाड्याने घ्या आणि ट्रेकला न्या. नुसती गच्चीवर नेऊन उपयोग नाही, सॅक पूर्ण भरलेली हवी. परत आल्यावर बघा: किती वेळा बाहेर आली?

जुनी घेत असाल तर एक चाचणी चुकवू नका. दूरवरची झाडांची ओळ किंवा इमारत फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत येईल असा फोटो काढा, एफ/४ किंवा असेल त्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरवर, मग एफ/८ वर. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. डावीकडचा वरचा कोपरा स्पष्ट आणि उजवीकडचा धुरकट असेल, तर आतली काच सरकलेली आहे, बहुधा कधी तरी पडलेली. ती घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी.

पायरी ९: सॅकमध्ये जागा ठरवा

लेन्स घेतली, आता ती राहणार कुठे? माझ्या पहिल्या ट्रेकची सगळी गोष्ट या एका प्रश्नावर होती. कॅमेरा सॅकच्या आत असेल तर तो नाही असं समजा. खांद्याच्या पट्ट्याला लावायची क्लिप मिळते, ती घ्या, किंवा छातीवरची छोटी बॅग. दुसरी लेन्स कमरेच्या पाऊचमध्ये, सॅक न उतरवता हात पोचेल तिथे. न पोचणारी लेन्स घरी ठेवा.

बदलताना वाऱ्याकडे पाठ करा आणि बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवा. नवी लेन्स आधी हातात घेऊन मागचं झाकण सैल करा, मगच जुनी काढा. उघडी बॉडी जितकी कमी सेकंद, तितकी धूळ कमी. कड्याजवळ हे करू नका. लेन्सचं एक झाकण मी दरीला दिलेलं आहे आणि ते टप्पे घेत खाली जाताना बराच वेळ ऐकू आलं होतं.

थंडीतून गरम तंबूत जाताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि पिशवीसकट आत न्या. वाफ पिशवीवर धरेल, काचेवर नाही. तासाभराने उघडा. ट्रेकहून आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात टाकू नका, लेन्स बाहेर काढून कोरड्या उजेडात ठेवा, नाही तर वर सांगितलेले तंतू तुमच्याच काचेत दिसायला लागतील.